दाभोळ बंदर आणि आपण

कोकणच्या इतिहासाचा विषय निघाला की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपले भाविक दोन नावे हटकून घेतात. एक मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे आणि दुसरे गोव्याचे. पहिल्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. दुसऱ्याशी आपले रक्ताचे नाते आहे, कारण मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील आपल्या अनेक घराण्यांचे पूर्वज गोव्याहून आले. परंतु या दोन नावांना इतिहासात मान मिळण्याच्या कितीतरी आधी, याच किनाऱ्यावरील एक बंदर होर्मुझपासून तांबड्या समुद्रापर्यंतच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. त्याचे नाव दाभोळ.

दाभोळ आज रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसलेले एक शांत गाव आहे. त्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. आदिलशाहीत दाभोळ हे एका मोठ्या सुभ्याचे ठाणे होते आणि त्या सुभ्याची हद्द उत्तरेस सावित्री नदीपासून दक्षिणेस देवगडपर्यंत पोहोचत असे. खाली तेरेखोल नदीकाठच्या बांद्याला त्याच राजवटीत आदिलाबाद हे नाव मिळाले होते. म्हणजे विजापूरच्या त्या जुन्या राज्यात आपण सारे एकाच घरची मंडळी होतो. दुसरा संबंध अधिक नाजूक आहे. दाभोळच्या इतिहासातील सर्वांत दुःखद दिवस ज्यांनी आणले, त्यांच्या गलबतांवर क्रूसाचे चिन्ह होते. म्हणून दाभोळची कथा कॅथलिक वाचकाने जरा थांबून आणि धीराने वाचावी अशी आहे.

बंदराचे वैभव

इस्लाम कोकणात प्रथम तलवारीच्या बळावर आला, असा एक ढोबळ समज आढळतो. तो खरा नाही. अरब प्रवासी अल्‌ मसुदी हा इ. स. ९१६ च्या सुमारास चौल येथे आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्या वेळी कोकणात मुसलमान सुलतानाचे राज्य नव्हते. शिलाहार आणि राष्ट्रकूट राजांच्या छत्राखाली हे व्यापारी सुखाने नांदत होते, त्यांच्या मशिदी होत्या आणि त्यांचे तंटे सोडविण्यास त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. मोसमी वाऱ्यांवर येणारी जहाजे पुढचा वारा सुटेपर्यंत महिनोन्‌ महिने बंदरात अडकून पडत. त्या मुक्कामातून घरे झाली, सोयरिकी झाल्या, आणि कोकणी मुसलमान हा समाज घडत गेला. त्याची भाषा कोकणातली आणि अन्नही कोकणातलेच, भात, मासे आणि नारळ.

इ. स. १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहामनी राज्य स्थापन झाले आणि दाभोळचे दिवस पालटले. राजधानी आधी गुलबर्गा आणि पुढे बीदर, दोन्ही घाटावर. घाटावरच्या राज्याला घोडे हवे होते. दख्खनच्या हवेत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे, ते अरबस्तान आणि इराणमधून समुद्रमार्गे आणावे लागत. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीतून पडाव चिपळूणपर्यंत जात, तेथून कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाडचा मुलूख लागे. एवढी सोयीची वाट असल्यावर बंदर भरभराटीस न येते तरच नवल. घोडे, तांबे, पारा, हिंगूळ असा माल येथे उतरे आणि देशावरचे कापड, धान्य, मिरी असा माल परदेशी जाई. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकानेही या बंदराच्या उलाढालीची नोंद केली आहे.

एक व्यापारी आणि एक ख्रिस्ती वाटसरू

दाभोळच्या धक्क्यावर उतरलेल्या दोन परदेशी माणसांची आठवण येथे केली पाहिजे.

पहिला महमूद गावान. इराणच्या गिलान प्रांतातील हा विद्वान गृहस्थ १४५३ साली व्यापाराच्या निमित्ताने दाभोळास उतरला. त्याचे वय तेव्हा चाळिशीपलीकडे गेले होते. पुढे बीदरच्या दरबारात तो मुख्य वजीर झाला. त्याने बीदरला बांधलेला मदरसा १४७२ चा. त्याची उंच मनोऱ्याची पडकी वास्तू आजही पाहणाऱ्याला थक्क करते. त्याच वर्षी त्याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतले. दरबारातील मत्सरी लोकांनी त्याच्या नावाचे बनावट पत्र तयार केले आणि १४८१ साली सुलतानाने या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. सत्य कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण राज्याची घडी त्यानंतर बसली नाही. बहामनी राज्याचे तुकडे झाले आणि दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले.

दुसरा माणूस आपल्याला अधिक जवळचा. अफानासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा व्यापारी, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. वाटेत अस्त्राखानजवळ त्याला लुटारूंनी लुटले, त्यात त्याचे धर्मग्रंथही गेले. एक घोडा घेऊन तो होर्मुझहून चौलला उतरला. जुन्नरला तेथील सरदार असद खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर सोन्याची नाणीही देईन, अशी अट घातली. मुदत होती चार दिवसांची. निकितिनने देवाचा धावा केला. त्या चार दिवसांत खोरासानचा एक मुसलमान व्यापारी, ख्वाजा मुहंमद, जुन्नरला आला. त्याने खानाकडे रदबदली केली, घोडा परत मिळवून दिला आणि निकितिनचा धर्म अबाधित राहिला. एका मुसलमानाने घातलेल्या कोंडीतून एका ख्रिस्ती माणसाला दुसऱ्या मुसलमानाने सोडविले, ही गोष्ट आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात अवश्य सांगावी.

‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या निकितिनच्या वृत्तांतातील दुःख केवळ घोड्याचे नाही. पुस्तके गेल्यामुळे त्याला सणांची गणती लागेना. पुनरुत्थानाचा सण कधी आहे, उपवासकाळ कधी सुरू होतो, हे सांगणारे आसपास कोणी नव्हते. अखेर मुसलमान शेजारी रमजानचे रोजे धरीत तेव्हा त्यानेही उपवास केला आणि आपल्या देवाची आपल्या परीने प्रार्थना केली. काही वर्षांनी मायदेशाची ओढ असह्य झाली, तेव्हा तो दाभोळास आला. सोन्याची दोन नाणी देऊन होर्मुझच्या जहाजात बसला. वाऱ्याने जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे भरकटले, पण अखेर तो मस्कतला पोहोचला. पुढे रशियात पोहोचूनही आपल्या गावी जाण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ त्याला मृत्यूने गाठले. वास्को द गामाच्या सुमारे पाव शतक आधी, तोफा आणि तलवारीवाचून, एक ख्रिस्ती माणूस दाभोळच्या धक्क्यावरून असा निघून गेला.

१५०८ चा डिसेंबर

त्यानंतर आलेले ख्रिस्ती तसे नव्हते. १५०८ सालच्या मार्च महिन्यात चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सू मारला गेला. पुत्रशोकाने पेटलेला बाप कोचीहून आरमार घेऊन उत्तरेकडे निघाला. अंजदीव बेटावर पाणी भरून ही जहाजे आपल्याच किनाऱ्यावरून, वेंगुर्ले, मालवण, देवगड उजव्या हाताला टाकीत पुढे गेली. डिसेंबरच्या अखेरीस ती दाभोळला पोहोचली.

दाभोळ आदिलशाहीचे बंदर. चौलच्या लढाईत लढले ते इजिप्तचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अय्याझ. पण संतापाला हिशोब नसतो. आल्मेदाच्या सैन्याने किनाऱ्यावरचे संरक्षण मोडून काढले, शहरात शिरून कत्तल केली आणि शहराला आग लावली. पोर्तुगीजांच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे की बायका, मुले, वृद्ध यांपैकी कोणाचीही गय केली गेली नाही, गुरेढोरेसुद्धा सुटली नाहीत. कास्तान्हेडा या इतिहासकाराने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. दाभोळवर जसा फिरंग्यांचा कोप झाला तसा तुझ्यावर होवो, अशा अर्थाचा शाप पुढे या किनाऱ्यावर लोकांच्या तोंडी रुळला. एखाद्या जातीच्या क्रौर्याची शापात गणना व्हावी, यापरते दुर्दैव ते कोणते?

दाभोळहून आल्मेदा दीवला गेला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी त्याने इजिप्त, गुजरात आणि कालिकत यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. जगाच्या इतिहासात या विजयाला मोठे स्थान आहे, कारण त्यानंतर हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा शब्द चालू लागला. पुढच्याच वर्षी, १५१० मध्ये, आल्फोन्सो द आल्बुकर्क याने आदिलशाहाकडून गोवा घेतले. आल्मेदाला मात्र मायदेश दिसला नाही. परतीच्या वाटेवर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ तेथील रहिवाशांशी झालेल्या झटापटीत १ मार्च १५१० रोजी तो मारला गेला.

दाभोळ पुन्हा उभे राहिले. बंदरे अशीच असतात, नदी आणि वारा आपले काम सोडीत नाहीत. परंतु त्याच शतकात पोर्तुगीजांनी पुन:पुन्हा तेथे हल्ले केले. १५४७ च्या सुमारास जोआंव द कास्त्रो याने दाभोळ जाळले. हाच कास्त्रो जून १५४८ मध्ये गोव्यात मरण पावला तेव्हा त्याच्या मृत्युशय्येपाशी संत फ्रान्सिस झेवियर होते. शहर जाळणारा सेनापती आणि त्याचे डोळे मिटविणारा संत एकाच खोलीत होते. संत झेवियर यांनी शेवटच्या घटकेपर्यंत त्या जिवाची काळजी वाहिली, हे त्यांच्या धर्मगुरुपणाला शोभेसेच झाले. पण त्यामुळे दाभोळची राख पुसली जात नाही.

मरियेचे चित्र आणि हजची वाट

समुद्रावर सत्ता मिळताच पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो घेतल्याशिवाय कोणत्याही जहाजाने अरबी समुद्रात जाऊ नये, गेल्यास ते जप्त होई. मक्केला हजयात्रेकरू नेणाऱ्या जहाजांनाही हा परवाना घ्यावा लागे. दाभोळ हे हजयात्रेचेही बंदर होते. या परवान्यांवर प्रभू येशू आणि पवित्र मरिया यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातील एका मोठ्या मौलवीने, अशी चित्रे असलेला परवाना बाळगून समुद्रमार्गे जावे लागत असल्याने हज बंधनकारक राहत नाही, असे मत दिल्याचे बदाउनी या इतिहासकाराने लिहिले आहे.

येथे आपण क्षणभर थांबावे. कुराणात मरियेच्या नावाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. मुसलमान तिला मरियम म्हणतात, तिचे कौमार्य आणि पावित्र्य मान्य करतात. आपल्या आईबद्दल ज्याच्या मनात मुळातच आदर आहे, त्याच्या हाती तिचेच चित्र जकातीची पावती म्हणून देणे, ही त्या आईची केवढी विटंबना! ज्या मातेने ख्रिस्ती आणि मुसलमान यांना जवळ आणायचे, तिच्या चित्रामुळे यात्रेकरूची वाट अडली.

शाही मशीद

दाभोळात पाहण्यासारखे जे आहे त्यात पहिला मान शाही मशिदीचा. समुद्राजवळ, नारळीच्या बागांत ही दगडी इमारत उभी आहे. दक्षिण कोकणात या तोडीची दुसरी मुसलमानी वास्तू नाही. लांबी सुमारे ६३ फूट, रुंदी सुमारे ५४ फूट, मध्यभागी सुमारे ७५ फूट उंचीचा मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांना चार मनोरे. घडण पूर्णपणे विजापुरी वळणाची. विजापूरची जामा मशीद ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची ही धाकटी बहीण लगेच ओळखू येईल. गावचे लोक तिला अंडा मशीद असेही म्हणतात.

तिच्याविषयीची लोककथा हृद्य आहे. विजापूरच्या राजघराण्यातील आयेशाबीबी, जिला लोक माँसाहेब म्हणत, ती १६५९-६० च्या सुमारास मोठ्या लवाजम्यासह मक्केला जाण्यासाठी दाभोळास आली. पण समुद्र सुरक्षित नव्हता. जहाज सुटेना. बरोबर आणलेले लाखो रुपये आता कशाला लावावेत, असा प्रश्न पडला. मौलवींनी सल्ला दिला, की यात्रा होत नसेल तर देवाचे घर बांधावे. तिने मशीद बांधविली आणि तिच्या खर्चासाठी गावे नेमून दिली. लवाजम्याचे आणि खर्चाचे आकडे लोककथेला शोभतील असे आहेत, ते तसेच घ्यावेत. इतिहासाला विजापूरची आणखी एक राणी ठाऊक आहे. खदीजा सुलताना उर्फ बडी साहेबा १६६१ च्या सुमारास डचांच्या जहाजातून हजला गेली. एक राणी गेली आणि एक राहिली. जी राहिली तिची न झालेली यात्रा दगडात उभी आहे.

त्याच सुमारास, १६६१ च्या कोकण मोहिमेत, छत्रपती शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतले. तीनच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. व्यापार हळूहळू सुरत, राजापूर आणि पुढे मुंबईकडे वळला, खाडी गाळाने भरत गेली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तोवर दाभोळचे मोठेपण आठवणीत जमा झाले होते.

आजचे दाभोळ

मशीद पाहून झाल्यावर चंडिकादेवीचे मंदिर पाहावे. ते खडकातील गुहेत आहे. आत तेलाच्या समयांचाच उजेड असतो, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. सुलतानांच्या राजवटीत आणि फिरंग्यांच्या जाळपोळीतही गावाने आपली देवी सांभाळली. खाडीपलीकडे अंजनवेलचा गोपाळगड किल्ला आणि दीपगृह आहे. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली. मोटारगाडीसह पलीकडे जाता येते आणि गुहागरचा मोठा वळसा वाचतो. थोडे आत, कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. बौद्ध, शैव, नाथ अशा पंथांच्या खुणा तेथे शेजारी शेजारी दिसतात. ती १९७० साली अभ्यासकांच्या नजरेस आली.

गेल्या पिढीतील वाचकांना दाभोळ हे नाव एन्रॉनमुळे माहीत झाले. तो वीजप्रकल्प वास्तविक दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात आहे. १९९९ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये तो बंद पडला आणि २००५ पासून तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आहे. त्या वादाने गावाचे नाव जगभर गेले खरे, पण त्यात बंदराचा इतिहास कोणी सांगितला नाही.

कोकणी मुसलमान कुटुंबे आजही या खाडीकाठी राहतात. त्यांच्यातील कित्येकांचे आजे पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर खलाशी होते. आपल्या घराण्यांतील, विशेषत: गोव्याकडील, कित्येकांचे आजे त्याच बोटींवर भटारखान्यात आणि भोजनकक्षात चाकरीला होते. वादळात दोघेही एकाच बोटीत होते, दोघेही घरी मनिऑर्डर पाठवीत होते आणि दोघांच्याही बायका समुद्राकडे डोळे लावून बसत होत्या. हा इतिहास १५०८ पेक्षा अलीकडचा आहे आणि तो घराघरांतून अजून सांगता येईल.

आपण काय करावे

आपल्याला कोणी फिरंग्यांचे वारस म्हटले की आपण दोनपैकी एक करतो. एक तर खाली मान घालतो, नाही तर पोर्तुगीजांच्या साऱ्याच कृत्यांचे समर्थन करू लागतो. दोन्ही चूक. श्रद्धा आणि आरमार यांची गल्लत त्या काळच्या सत्ताधीशांनी केली, आपण ती का पुढे चालवावी? ज्या जलमार्गाने आल्मेदा आला, त्याच मार्गाने १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स आले आणि १६१६ मध्ये त्यांनी मराठीला ‘क्रिस्तपुराण’ दिले. आल्मेदाने दाभोळला जे दिले ते शापात उरले, स्टीफन्स यांनी जे दिले ते भाषेत उरले. आपण कोणाचा वारसा सांगायचा हे आपल्या हाती आहे. मात्र स्टीफन्स यांचा वारसा सांगणाऱ्याने दाभोळची कत्तलही लपवू नये. गेथशेमानी बागेत प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालावयास सांगितले. ती पुन्हा उपसणारे बाप्तिस्मा घेतलेलेच लोक होते.

ख्रिस्तसभेने ही वाट आपल्याला दाखविली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आणि जुने वैर मागे टाकून परस्परांना समजून घेण्याचे आवाहन केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, संत पेत्राच्या महामंदिरातील मिस्साविधीत, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत आपल्या किनाऱ्याचे नाव उच्चारले गेले नाही, पण दाभोळही तिच्या कक्षेत येते, असे मानावयास हरकत नाही.

धर्मग्रामाची सहल काढायची म्हटले की आपण जुने गोवे किंवा मुंबईचा माउंट मेरी हीच ठिकाणे निवडतो. एखाद्या वर्षी दाभोळ निवडावे. मशिदीच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, पादत्राणे बाहेर काढून, नमाजाची वेळ टाळून आत जावे. मुलांना महमूद गावानची, निकितिनची आणि ख्वाजा मुहंमदाची गोष्ट सांगावी, १५०८ चीही सांगावी. मग धक्क्यावर येऊन, तेथे मारल्या गेलेल्या अनाम माणसांसाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावे. आपल्या अपराधांची क्षमा मागणारे ते शब्द आपण रोजच उच्चारतो. दाभोळच्या धक्क्यावर ते उच्चारताना कोणत्या अपराधांविषयी बोलत आहोत, हे निदान एकदा आपल्या ध्यानात येईल.